ट्रॉम्सो ते लाँगइयरबेन, विमानाने नक्की अंतर किती आणि वेळ किती धरायचा?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नॉर्वेला जायचं घाटतंय, मी, नवरा, मुलगी (नववीत आहे) आणि सासू-सासरे. ट्रॉम्सोला ऑरोरासाठी (उत्तरेकडच्या आभाळातला तो रंगीत प्रकाश) चार रात्री राहायचं हे पक्कं आहे, पण आमचे बाबा म्हणजे सासरे भूगोलाचे मास्तर होते, आयुष्यभर फळ्यावर ध्रुवीय वृत्त काढलंय त्यांनी, आणि त्यांचं म्हणणं एवढ्या लांब जातोच आहोत तर स्वालबार्डला (नॉर्वेचीच उत्तरेकडची बेटं, लाँगइयरबेन तिथलं मुख्य गाव) जाऊन येऊ, अठ्ठ्याहत्तर अंशाच्या वर. मला पण मनातून जायचंय, पण सासूबाईंचे गुडघे आणि एकूण धावपळ बघून आधी नीट हिशोब मांडायचाय.

तर गोंधळ असा आहे की एका साइटवर ट्रॉम्सो-लाँगइयरबेन ९५७ किमी आणि 'प्रवासाचा वेळ' १ तास १२ मिनिटं दिलाय, दुसरीकडे ९६१ किमी, तिकिटाच्या साइटवर १ तास ४० मिनिटं, आणि एका ठिकाणी तर सरळ पाच तास लिहिलेत. मोबाइलवर नकाशा उघडला की मधे एवढा मोठा समुद्र दिसतो की बाबा म्हणाले हे काही तासाभराचं काम वाटत नाही. नक्की खरं काय? आणि वेळ वाचवायचा तर ओस्लोहून थेट जाणं बरं का? आमच्या एजंटचं म्हणणं व्हिसाचं काही टेन्शन नाही, नॉर्वेच आहे, सिंगल एंट्रीवर काम होतं. तेही बरोबर आहे का कोणी सांगा.

नकाशेवाला

आधी अंतराचं सांगतो, कारण ते सोपं आहे आणि तुमच्या बाबांना आवडेल.

ट्रॉम्सोचा विमानतळ साधारण ६९.७ उत्तर, लाँगइयरबेनचा ७८.२५ उत्तर. वजाबाकी करा, साडेआठ अंशांच्या थोडं वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी आणि काही मीटर, म्हणजे झाले साधारण ९५५. आता रेखांशात पण साडेतीन अंशांचा फरक आहे (ट्रॉम्सो १९ पूर्वच्या जवळ, लाँगइयरबेन साडेपंधरा) पण त्या उंचीवर रेखांश इतके जवळ आलेले असतात की ७८ अंशांवर एक अंश म्हणजे जेमतेम २३ किमी उरतो, आपल्याकडे पुण्याच्या अक्षांशावर तोच १०५ किमी असतो. त्यामुळे तिरकेपणाने अंतरात चारपाच किमीचीच भर पडते. कागदावर करून बघा, ९६० च्या आसपास येणार. एक साइट पृथ्वीला गोल चेंडू धरते आणि ९५७-५८ देते, दुसरी ध्रुवांशी चपटी धरते आणि ९६१-६२ देते. दोन्ही बरोबर, भांडण नाही.

नकाशाचं म्हणाल तर मोबाइलवरचा नकाशा ज्या पद्धतीने काढलेला असतो त्यात वर वर जाल तसं सगळं फुगत जातं. ७० अंशांवर जवळपास तिप्पट, ७८ अंशांवर पावणेपाच पटीच्या आसपास. म्हणून त्या नकाशावर बोट ठेवून मोजलं तर ट्रॉम्सो ते लाँगइयरबेन हे मुंबई ते श्रीनगरच्या जवळजवळ दुप्पट दिसतं. प्रत्यक्षात मुंबई-श्रीनगर हवाई अंतर १,६७० किमीच्या घरात आहे आणि हे ९६०, म्हणजे निम्म्याहून थोडंच जास्त. बाबांकडे जुना पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा धरून दाखवायला सांगा मुलीला, नववीच्या पोरीला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही, मी शाळांमधे नकाशे शिकवायला जातो तेव्हा हेच उदाहरण घेतो, फक्त ग्रीनलंड वापरून.

१ तास १२ मिनिटं कुठून आले तेही सांगतो. ९६० भागिले ८०० करा. बरोबर १.२ तास. अशा साइट्स ताशी ८०० किमी असा एक ठरीव वेग धरून भागाकार करून टाकतात, त्यात विमान धावपट्टीकडे हळूहळू जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, वळसा घेऊन वाऱ्याच्या तोंडावर येणं यातलं काही नसतं. विमान कंपनी जो वेळ छापते तो गेटपासून गेटपर्यंतचा, म्हणून १ तास ४० मिनिटं. छोट्या अंतरात ही तफावत डोळ्यात भरते, कारण चढण्या-उतरण्याचा भाग एकूण प्रवासात मोठा असतो. पाच तासवालं बहुधा कुठल्यातरी थांब्यासकट असेल, ते सोडून द्या.

बोरिवली_स्लो

माझ्या मते ट्रॉम्सोच्या नादी लागूच नका, ओस्लोहून थेट फ्लाइट घ्या, तीन तासात लाँगइयरबेन. ज्येष्ठ माणसं बरोबर असताना जितकं कमी चढउतर तितकं बरं. आम्ही गेलो तेव्हा थेटच गेलो, ओस्लोला पासपोर्टचं काम उरकलं आणि मग सरळ तिकडे जाऊन उतरलो.

ध्रुवतारा

ट्रॉम्सोत राहते, इथल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधे काम करते, त्यामुळे हा मार्ग आमच्यासाठी रोजच्या बोलण्यातला आहे, थोडं सविस्तर लिहिते.

बोरिवली_स्लो, ज्यांना ट्रॉम्सो करायचंच नाही त्यांना थेट बरोबर आहे. पण यांच्या चार रात्री इथे आहेत, मग परत ओस्लोला खाली जाऊन पुन्हा वर यायचं म्हणजे १,११५ किमी खाली आणि २,०१५ किमी वर. उगाच. उलट ओस्लो-ट्रॉम्सो-लाँगइयरबेन अशी बेरीज केली तर २,०७५ होते, थेटपेक्षा फक्त साठेक किमी जास्त, म्हणजे ट्रॉम्सो जवळपास वाटेवरच आहे. नॉर्वे किती लांबलचक देश आहे ते लोकांच्या लक्षात येत नाही, ओस्लो ते ट्रॉम्सो म्हणजे आपलं मुंबई-दिल्ली, आणि त्यानंतर मुंबई-बंगळुरूपेक्षा थोडं जास्त अंतर राहतं लाँगइयरबेनला.

आता मेन गोष्ट. अंतर, मिनिटं यात घोळ घालू नका, तुमच्या प्लॅनमधे सगळ्यात महत्त्वाची आहे ती सीमा. स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे पण शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे राहायला, जायला कुणालाच व्हिसा लागत नाही, भारतीयांनाही नाही. पण तिथे पोचायचा रस्ता ओस्लो नाहीतर ट्रॉम्सोवरून जातो, म्हणजे आधी शेंगेनमधे आत या, मग ट्रॉम्सोला पासपोर्ट तपासून बाहेर पडल्याची नोंद, स्वालबार्ड फिरा, परत ट्रॉम्सोला उतरलात की पुन्हा शेंगेनमधे आत. हा दुसरा प्रवेश झाला. सिंगल एंट्री व्हिसा पहिल्या प्रवेशातच संपलेला असतो. तुमचा एजंट चुकीचं सांगतोय, प्लीज त्याच्यावर विसंबू नका, किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवाच. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला पुण्यातल्या एका ट्रॅव्हलवाल्याने असंच सांगितलेलं, त्यांना ट्रॉम्सोच्या काउंटरवर कळलं आणि हॉटेल, स्नोमोबिल सगळ्याचे पैसे पाण्यात गेले, आज्जी तर विमानतळावरच रडायला लागल्या. हे वाचून मला अजून राग येतो कारण दोन मिनिटांत नीट सांगता येणारी गोष्ट आहे ही.

आणि याचमुळे तुमच्या १ तास ४० मिनिटांच्या आधी दोन तास धरा. आतल्या आत जाणाऱ्या फ्लाइटसारखं पाऊण तास आधी पोचून चालत नाही. ओस्लोहून येऊन याच विमानाने पुढे जाणाऱ्यांनाही ट्रॉम्सोला हातातलं सामान घेऊन उतरावं लागतं, पासपोर्ट दाखवून परत त्याच विमानात बसायचं. एकदम दीडशे माणसं रांगेत येतात आणि काउंटर मोजकेच. सासूबाईंसाठी व्हीलचेअर असिस्टन्स बुकिंगच्या वेळीच टाकून ठेवा, इथली माणसं मनापासून मदत करतात.

गावातून विमानतळ जवळ आहे, बेटाच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला विमानतळ, मधे डोंगराच्या पोटातून बोगदा. त्या बोगद्यांत जमिनीखाली चौकातली गोल वर्तुळं आणि पार्किंगसुद्धा आहे, मुलीला दाखवा, पहिल्यांदा जाणारा माणूस बघतच राहतो. बस पंधरा मिनिटांत सोडते.

कोथरूडकर

बापरे, ध्रुवतारा ताई, खूप खूप धन्यवाद. व्हिसाचं हे कळलं नसतं तर आमचंही तेच झालं असतं. आजच एजंटला फोन करते.

नकाशेवाला, बाबांनी तुमचं उत्तर दोनदा वाचलं, मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. त्यांचा एक प्रश्न आहे, जाताना आणि येताना वेळेत फरक पडतो का? मुंबईहून युरोपला जाताना जास्त लागतो आणि येताना कमी, तसं काही? आणि मार्चमधे नेमकं कधी जावं? ऑरोरा तिथे जास्त चांगला दिसेल का, एवढं उत्तरेला म्हटल्यावर?

नकाशेवाला

बाबांना नमस्कार सांगा. मुंबई-युरोपचा फरक पडतो तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वरच्या वाऱ्यांमुळे, येताना ते पाठीशी असतात. हा मार्ग जवळपास सरळ दक्षिण-उत्तर आहे, वारा आडवा पडतो, त्यामुळे वेळापत्रकात जाता-येता फार फरक नसतो. एखाद्या दिवशी पाचदहा मिनिटं इकडेतिकडे. घड्याळही बदलायचं नाही, स्वालबार्डला नॉर्वेचीच वेळ चालते, मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारतापेक्षा साडेचार तास मागे, नंतर साडेतीन.

ध्रुवतारा

ऑरोराबद्दल सगळ्यांचाच हा समज असतो. जितकं उत्तरेला तितका जास्त, असं नाहीये. ऑरोराचा पट्टा हा चुंबकीय ध्रुवाभोवतीचं एक कडं असतो आणि रात्रीच्या वेळी ते कडं ट्रॉम्सोच्या डोक्यावरून जातं. लाँगइयरबेन बऱ्याचदा त्या कड्याच्या आत, म्हणजे उत्तरेला पडतं. तिथली खासियत वेगळी, डिसेंबर-जानेवारीत दिवसाही मिट्ट काळोख असल्यामुळे दुपारचा ऑरोरा दिसतो, त्यासाठीच तिथे डोंगरावर शास्त्रज्ञांची वेधशाळा आहे. पण मार्चमधे उजेड वाढलेला असतो, म्हणून ऑरोरा ट्रॉम्सोलाच बघून घ्या, चार रात्रींत एखादी तरी मोकळ्या आभाळाची मिळावी.

मग मार्चमधे वर कशाला जायचं, तर उजेडासाठी. तिथे सूर्य ऑक्टोबरच्या शेवटी जो जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजाच्या वरच येत नाही, आणि वर आला तरी डोंगरांमुळे गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या आठवड्यात गावचा उत्सव असतो. जुन्या हॉस्पिटलची इमारत आता नाही, फक्त लाकडी पायऱ्या उरल्यात, सगळं गाव त्या पायऱ्यांभोवती जमतं, पोरं तोंडं पिवळी रंगवून येतात, आणि पहिलं ऊन त्या पायरीवर पडलं की एकच जल्लोष. ढगाळ असलं तरी लोक येतात. तिथून पुढे दिवस रोज वीस मिनिटांहून जास्त वाढत जातो, २० एप्रिलच्या सुमारास तर सूर्य मावळायचाच बंद होतो. भूगोलाच्या मास्तरांना मार्चचा दुसरा आठवडा द्या, हॉटेलं मात्र लवकर भरतात.

थंडी उणे पंधरा-वीसची धरूनच कपडे घ्या, वारा असला की त्याहून जास्त टोचते.

वास्कोकर

हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझे मिस्टर समुद्रविज्ञानातले, आमच्या वास्कोलाच हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे ते माहीत असेल, तिथूनच अंटार्क्टिकाचं आणि आर्क्टिकचं सगळं चालतं. भारताचं आर्क्टिकमधलं केंद्र 'हिमाद्री' स्वालबार्डलाच आहे, नी-ओलेसुंड गावात, १ जुलै २००८ ला सुरू झालं. आधी आपली माणसं मुख्यतः उन्हाळ्यात जायची, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही जायला लागली.

तर कोथरूडकर, तुमच्या ९६० किमीच्या पुढे त्यांचा अजून एक टप्पा असतो. लाँगइयरबेनहून नी-ओलेसुंड साधारण ११० किमी, रस्ता नाही, हिवाळ्यात छोट्या डॉर्नियर विमानाने पंचवीस मिनिटांत जातात. ते डॉर्नियर २२८ म्हणजे आपल्या कानपूरला एचएएल बनवते तेच मॉडेल, तेही दोन प्रॉपेलरवालं. त्या विमानात माणसाचं आणि सामानाचं दोन्हीचं वजन करतात. यांनी सांगितलं होतं की बोर्डिंगच्या वेळी बूट, जॅकेटसकट काट्यावर उभं केलं. पर्यटकांना तिथे विमानाने जाता येत नाही, ते संशोधकांचं गाव आहे, उन्हाळ्यात बोटी थांबतात तेवढंच. तिथेच तो लोखंडी खांब अजून उभा आहे ज्याला १९२६ च्या मे महिन्यात अमुंडसेन-नोबिले यांचं 'नोर्गे' हवाई जहाज बांधलेलं होतं, तिथून निघून ते ध्रुवावरून पलीकडे अलास्कात उतरलं. बाबांना ही माहिती असणारच.

आणखी एक, लाँगइयरबेनच्या विमानतळावरूनच वर डोंगराकडे बघितलंत तर एक पाचरीसारखं काँक्रीटचं दार बाहेर आलेलं दिसतं, अंधार असला तर त्यावरचं काचेचं-आरशांचं काम हिरवट-निळं चमकतं. ती जागतिक बियाणं तिजोरी, जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवायची जागा. २००८ मधेच उघडली. आत जाऊ देत नाहीत, पण आत आपली पण बियाणी आहेत, हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमुगाचे नमुने तिथे ठेवलेत. यांनी त्या दाराचा फोटो पाठवला तेव्हा माझी सासू (मूळची सोलापूरची) म्हणाली म्हणजे आपली शाळू पण गेली की तिकडे थंडीत. मला भरून आलं होतं तेव्हा.

बोरिवली_स्लो

हे भारी आहे, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, नाहीतर फोटो काढला असता. पण एक विचारतो, हवामानाने फ्लाइट रद्द व्हायचं प्रमाण कसं असतं? आमचं विमान एकदा खाली येऊन परत वर गेलं, पोटात गोळा आला सगळ्यांच्या.

ध्रुवतारा

होतं तसं. धावपट्टी एका बाजूला फिओर्डचं (डोंगरांत आत शिरलेल्या खाडीचं) पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर अशी आहे. पश्चिम किनाऱ्याला गरम प्रवाह येऊन भिडतो त्यामुळे धुकं अचानक येतं, हिवाळ्यात बर्फाचं वादळ. वैमानिकाला पटलं नाही तर तो वर जाऊन पुन्हा प्रयत्न करतो आणि नाहीच जमलं तर विमान मागे वळून ट्रॉम्सोला येतं, तेवढं इंधन बरोबर असतंच कारण तिथे जवळपास उतरायला दुसरं काही नाही. म्हणजे तीन-साडेतीन तास हवेत काढून तुम्ही जिथून निघालात तिथेच. घाबरायचं काही नाही त्यात, तो परत वळतो हे चांगलंच आहे, पण दिवस जातो. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं, लाँगइयरबेनला एका रात्रीसाठी जाऊ नका, निदान तीन ठेवा.

मला हा मार्ग दुसऱ्या कारणाने जवळचा आहे. लाँगइयरबेनला छोटं हॉस्पिटल आहे, प्राथमिक उपचार होतात, पण मोठं काही झालं, हार्ट अटॅक असो की मोठी सर्जरी, पेशंट अ‍ॅम्ब्युलन्स विमानाने आमच्याकडे येतो. तिथे बाळंतपणं पण करत नाहीत, गरोदर बायका तारखेच्या आधी काही आठवडे खाली येऊन राहतात. वॉर्डमधे कुणी म्हणालं 'विमान लाँगइयरबेनहून निघालंय' की आम्ही घड्याळ बघतो, आणि हवा खराब असेल तर खिडकी. तेव्हा ९६० किमी हा आकडा फार वेगळा वाटतो हो. १९७५ ला राजा ओलाव पाचवा यांच्या हस्ते तो विमानतळ उघडला, त्याआधी बंदर गोठलं की गाव महिनोन् महिने तुटलेलं असायचं, आणि विमान आलंच तर दरीतल्या गोठलेल्या जमिनीवर उतरायचं. आता बारमाही नियमित विमानं आहेत, जगात सर्वसामान्य प्रवाशांसाठी नियमित विमान जाणारं याच्या उत्तरेला दुसरं विमानतळ नाही. कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलंय, वरचा थर उन्हाळ्यात वितळून धावपट्टी खालीवर होते म्हणून तिची डागडुजी सतत करत राहावी लागते.

म्हणून कोथरूडकर, सासू-सासऱ्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना स्वालबार्ड आणि शोध-बचाव, विमानाने हलवणं हे दोन्ही त्यात आहे का ते लेखी विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसीत 'नॉर्वे' किंवा 'शेंगेन' एवढंच लिहिलेलं असतं. आणि बाबांची गोळ्या-औषधं चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत, चार दिवस जास्तीची.

कोथरूडकर

औषधांचं बरं आठवण केलीत, बाबांना बीपीची गोळी आहे. ताई तुमच्या कामाबद्दल वाचून छान वाटलं, आपल्याकडची कोणीतरी तिथे आहे याचाच धीर वाटतो.

अजून थोडं, चालेल ना? विमानात कुठल्या बाजूला बसायचं म्हणजे काही दिसेल? मुलीला खिडकी हवी आहे आणि बाबांनाही, आत्तापासून वाद चाललाय. आणि खाण्याचं, सासूबाई शाकाहारी आहेत, इथून काय काय नेता येतं?

नकाशेवाला

खिडकीचं मी सांगतो. ट्रॉम्सोहून निघाल्यावर पहिली पंधरावीस मिनिटं फिओर्ड, बेटं, पांढरे डोंगर, दोन्ही बाजू छान. मग समुद्र. निम्म्या वाटेच्या थोडं पुढे उजव्या हाताला ब्योर्नोया, म्हणजे अस्वल-बेट, ७४ अंशांच्या वर, सरळ रेषेने गेलं तर मार्गापासून पन्नासेक किमीवर. आकाश मोकळं असेल तर दिसू शकतं, पण ते बेट बहुतेक वेळा ढगात असतं, आणि तिथे फक्त नॉर्वेच्या हवामान केंद्राची मोजकी माणसं राहतात. एक नॉर्वेजियन समुद्र आणि एक बॅरेंट्स समुद्र, त्यांच्यातली रेघ याच बेटावरून काढतात, तेव्हा बाबांना उजवी द्या.

साडेशहात्तर अंशांवर स्पिट्सबर्गनचं, म्हणजे लाँगइयरबेन ज्यावर आहे त्या बेटाचं, दक्षिण टोक लागतं, तिथून शेवटचे दोनशे किमी जमीन, म्हणजे जमीन कसली, हिमनद्याच. ती दोन्हीकडून दिसते. मग मुलीला डावी. उतरताना विमान कुठल्या दिशेने येतंय त्यावर फिओर्ड कुणाच्या वाट्याला येतो ते ठरतं, त्याला इलाज नाही.

वास्कोकर

खाण्याचं मी सांगते, डबे भरायची सवय आहे ना. युरोपच्या बाहेरून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा, श्रीखंड काही नाही, बटाटेही नाही चालत. मेतकूट, लसणीची आणि शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे, खाकरा, तयार उपम्याची पाकिटं, दशम्या करणार असाल तर दूध-तूप न घालता तेलावर, आणि चिक्की. हॉटेलात गरम पाण्याची किटली मिळते का ते आधी विचारा. ट्रॉम्सोत सुपरमार्केटमधे डाळी, तांदूळ, भाज्या सगळं मिळतं. लाँगइयरबेनला पण दुकान चांगलं आहे, फक्त भाजी-फळं खालून येतात, विमानाने नाहीतर बोटीने, त्यामुळे महाग.

आणि सासूबाईंना सांगा, तिथे बऱ्याच हॉटेलात, म्युझियममधे दाराशीच बूट काढून ठेवतात. कोळशाच्या खाणी होत्या तेव्हा कामगारांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून ती पद्धत पडली. जाड लोकरी मोजे दोन जोड जास्त घ्या.

ध्रुवतारा

लाँगइयरबेनला उतरल्यावर बाहेरच हॉटेलांवर सोडणारी बस उभी असते, फ्लाइट उशिरा आली तरी थांबते. विमानतळाबाहेर पांढऱ्या अस्वलाचं चित्र असलेला आणि जगातल्या शहरांची अंतरं लिहिलेला खांब आहे, फोटो काढा, पण तिथून चालत गावाबाहेर जाऊ नका. वस्तीबाहेर अस्वलापासून बचावाची सोय बरोबर नसेल तर जाता येत नाही, हा नियम आहे, शोभेसाठी बोर्ड लावलेला नाही. कुठल्याही सहलीला गाइड असतो, त्याचं ऐका.

परतीचं मात्र एक लक्षात ठेवा. लाँगइयरबेनहून उतरलात की ट्रॉम्सोत पुन्हा पासपोर्टची रांग, कस्टम, मग पुढे. त्याच दिवशी ट्रॉम्सो-ओस्लो आणि ओस्लो-मुंबई असं लावू नका, एजंट लावून देतात कारण स्क्रीनवर ते बसतं. एक रात्र ट्रॉम्सोत नाहीतर ओस्लोत मोकळी ठेवा. आणि शक्य असेल तर सगळी तिकिटं एकाच बुकिंगवर घ्या, म्हणजे धुक्याने उशीर झाला तर पुढची फ्लाइट बदलून देणं कंपनीची जबाबदारी राहते.

कोथरूडकर

ठरलं मग. १० मार्चच्या आसपास ट्रॉम्सो, नंतर तीन रात्री वर, येताना एक रात्र ट्रॉम्सो. एजंटशी बोलले, तो अजूनही म्हणतोय की मल्टिपल मागितलं तर व्हिसा नाकारतील. असं होतं का हो?

ध्रुवतारा

नाही, असं काही नसतं. फॉर्ममधे किती प्रवेश हवेत तो रकाना असतोच, एक, दोन किंवा अनेक, त्यात निदान 'दोन' भरा. कव्हर लेटरमधे स्पष्ट लिहा की अमुक तारखेला ट्रॉम्सोहून स्वालबार्डला जाणार, अमुक तारखेला ट्रॉम्सोलाच परत येणार, आणि लाँगइयरबेनचं हॉटेल बुकिंग, विमानाचं बुकिंग दोन्ही जोडा. पाचही जणांच्या अर्जाला वेगवेगळं जोडा, एकाच्या फायलीत टाकून भागवू नका. व्हिसा हातात आला की सगळ्यात आधी पानावर प्रवेशांची संख्या बघा, ०१ छापलेलं असेल तर तिथल्या तिथे विचारा, नंतर ट्रॉम्सोच्या काउंटरवर कोणीच काही करू शकत नाही. आणि इथे आलात की मेसेज करा, बाबांना भेटायला आवडेल मला.